बारा टेबलं, चोवीस पॉइंट: फोन आणि डेटाची केबल पॅच पॅनेलवर कशी आणायची

जुन्या ऑफिसांत टेबलामागच्या भिंतीवर हमखास दोन पेट्या दिसतात. एकीत फोनची दोन तारांची वायर, दुसरीत नेटवर्कची केबल. माणूस टेबल बदलतो, त्याचा फोन मात्र जुन्याच जागी अडकून राहतो, आणि मग स्कर्टिंगवरून खिळे मारत टेलिफोनची वायर नव्या टेबलापर्यंत सरपटत जाते. हे टाळायचं असेल तर भिंतीत केबल टाकतानाच फोन आणि डेटा असा भेद करू नका. प्रत्येक पॉइंटला सारखीच चार जोड्यांची केबल, दोन्ही टोकांना आठही तारा पंच केलेल्या, म्हणजे टूलने खाचेत दाबून बसवलेल्या. सगळ्या केबल रॅकमध्ये, म्हणजे उपकरणांच्या लोखंडी पेटीत, पॅच पॅनेलवर येतात; पॅच पॅनेल म्हणजे ओळीने पोर्ट असलेली पट्टी. त्या पॉइंटवर आज फोन चालणार की कॉम्प्युटर, हे रॅकमधली पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल) ठरवते: ती स्विचकडे नेली की कॉम्प्युटर, फोनच्या पॅनेलकडे नेली की फोन.

खालचा हिशेब बारा टेबलांच्या ऑफिसचा आहे, एखादी पतसंस्था किंवा सीएचं ऑफिस समजा. टेबलाला दोन असे चोवीस पॉइंट, सोळा एक्स्टेंशनचं ईपीएबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज), बाहेरून येणाऱ्या दोन फोन लाइन आणि भिंतीवर एक रॅक.

सामान

डेटासाठी कॅट-६ दर्जाच्या केबलचं २४ पोर्टचं पॅनेल, फोनसाठी २५ पोर्टचं व्हॉइस पॅनेल, दोन्ही एक-एक यू. (एक यू म्हणजे ४४.४५ मिमी उंची. पॅनेल, स्विच सगळं याच मापात येतं.) २४ पोर्टचा स्विच, दोन केबल मॅनेजर, राउटरसाठी एक शेल्फ आणि एक पॉवर स्ट्रिप धरली की सात यू भरतात. ९ यू चा रॅक पुरतो, पण सीसीटीव्हीचा एनव्हीआर (रेकॉर्डर) आज नसला तरी सहा महिन्यांत येतोच, म्हणून १२ यू घ्या. टेबलांकडे २४ जॅक, दोन पोर्टच्या १२ फेस प्लेट आणि तेवढेच बॅक बॉक्स. फोनसाठी दहा जोड्यांची तीन क्रोन मॉड्यूल (फोनच्या तारा दाबून जोडायच्या पट्ट्या), त्यांची पेटी, २० जोड्यांची ०.५ मिमीची टेलिफोन केबल चार-पाच मीटर आणि जंपर वायर. पॅच कॉर्ड रॅकमध्ये एक मीटरच्या, टेबलाकडे दोन मीटरच्या. बांधायला वेल्क्रोची पट्टी. प्लास्टिकचे केबल टाय स्वस्त पडतात, पण ते आवळले की केबल चेपते आणि आतल्या जोड्यांचं एकमेकींपासूनचं अंतर बिघडतं. ते पाइप बांधायला ठेवा.

हत्यारं दोन वेगळी लागतात, आणि इथेच काटकसर होते. डेटा पॅनेलला ११० प्रकारचं पंचिंग टूल, क्रोन मॉड्यूलला क्रोनचं. दोन्हीकडे तार खाचेत दाबली की पातं तिचं आवरण कापून तांब्याला चिकटतं. सोलावं लागत नाही. क्रोनच्या मॉड्यूलला एलएसए म्हणतात ते मुळी जर्मन शब्दांवरून: सोल्डरचा डाग नको, स्क्रू नको, सोलणं नको. पण ११० ची पाती तारेला सरळ धरतात आणि क्रोनची ४५ अंशांत तिरपी. ११० चं टूल क्रोनवर मारलं तर पातं फाकतं आणि ती खाच कायमची ढिली होते. काही पॅनेलवर दोन्ही टूल चालतात, पण तसं पॅनेलवर छापलेलं असलं तरच.

केबल किती लागेल: सगळ्यांत लांबचा पॉइंट ३८ मीटर आणि जवळचा ८ असेल तर सरासरी २३. त्यावर दहा टक्के धरून २५.३, रॅककडे दीड मीटर आणि पेटीत ३० सेंमी शिल्लक, म्हणजे पॉइंटला २७ मीटर. ३०५ मीटरच्या बॉक्सात असे ११ पॉइंट निघतात आणि तळाला आठ मीटरचा निरुपयोगी तुकडा उरतो. चोवीस पॉइंटला तीन बॉक्स. पुस्तकी नियम रॅककडे तीन मीटर शिल्लक ठेवायला सांगतो. तो जमिनीवरच्या मोठ्या रॅकला ठीक आहे. १२ यू च्या भिंतीवरच्या पेटीत चोवीस केबलींची तीन-तीन मीटर वेटोळी कोंबली तर दार लागत नाही. पॅनेल स्क्रू काढून हातभर पुढे ओढता आलं, की पुरे.

बॉक्स उघडल्यावर पहिलं काम

स्वस्त केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. दुकानात 'सीसीए' म्हणून मिळते ती हीच. कधीकधी तसं न सांगताही मिळते. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर बॉक्स परत करा. मल्टिमीटरने याहून पक्कं कळतं. बॉक्सातल्या केबलच्या एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. नियमाप्रमाणे १०० मीटरला एका तारेचा रोध ९.३८ ओहमच्या वर जाता कामा नये. जाऊन-येऊन ६१० मीटर तार होते, म्हणून पूर्ण बॉक्सला ५७ ओहम ही कमाल. कॅट-६ ची चांगली तांब्याची केबल चाळिशीत राहते, त्याच जाडीची सीसीए साठीच्या पुढे जाते. अशी तार पंच करताना मोडते, आणि केबलवरूनच वीज घेणारा कॅमेरा किंवा आयपी फोन जोडला की तापते.

केबल ओढणं

पॅनेलपासून भिंतीतल्या जॅकपर्यंत ९० मीटर ही मर्यादा. दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १००. अशा ऑफिसात तिथवर जायची वेळ येत नाही. त्रास होतो तो ओढाताणीचा. कॅट-६ केबलला ११० न्यूटनपेक्षा जास्त ताण द्यायचा नसतो, म्हणजे साधारण ११ किलोचं वजन टांगल्याएवढा. पाइपात अडकली म्हणून दोघांनी मिळून हिसका दिला तर हा आकडा केव्हाच मागे पडतो. वरून काही दिसत नाही, आत पीळ ताणलेला असतो. २५ मिमीच्या पीव्हीसी पाइपात तीन, फार तर चार केबल. दोन बेंडनंतर जंक्शन बॉक्स. वळण केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचं: कटिंग चहाच्या ग्लासाभोवती केबल गुंडाळली तर जेवढी गोलाई येते, त्याहून घट्ट नको.

लाइटच्या वायरिंगबरोबर एकाच पाइपात टाकू नका, मग इलेक्ट्रिशियन काहीही म्हणो. समांतर जावंच लागलं तर फूटभर अंतर, आणि ओलांडायचं असेल तर काटकोनात.

ओढण्याआधी केबलच्या टोकाला आणि बॉक्सवर एकच नंबर घाला, कापल्याबरोबर तोच दुसऱ्या टोकाला. तीन बॉक्स एकदम ओढत असाल तर बॉक्सवरचा नंबर जास्त महत्त्वाचा, कारण कापल्यानंतर बॉक्सकडचं टोक कुठलं, हे फक्त तोच सांगतो. टेपवर बॉलपेनने लिहिलेलं पहिल्या पावसाळ्यात पुसट होतं. छापील फेरुल किंवा लेबल वापरा.

रंगांचा क्रम

पंचिंगचे दोन प्रमाणित क्रम आहेत, ५६८-ए आणि ५६८-बी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बी वापरतात. पिन १ ते ८: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए मध्ये नारंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल. वेगाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. कुठलाही घ्या, पण पूर्ण ऑफिसात एकच. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तरी आजचे स्विच स्वतःच जुळवून घेतात, त्यामुळे चूक झाकली जाते आणि पुढच्या माणसाच्या डोक्याला ताप होतो. फोनची निळी जोडी दोन्ही क्रमांत ४ आणि ५ वरच येते. म्हणून तर एकाच पॉइंटवर फोन आणि डेटा आलटून-पालटून चालवता येतात.

पॅनेलवर पंच करणं

पॅनेल आधी रॅकमध्ये केज नटवर बसवून पाहा, मागचा केबल धरणारा बार लावा, केबल बारापर्यंत आणून नंबराप्रमाणे ओळीने लावून घ्या. एक ते बारा एका बाजूने, तेरा ते चोवीस दुसऱ्या बाजूने. मग पॅनेल पुढे काढून टेबलावर किंवा रॅकच्या कडेवर टेकवा. खाली स्विच असेल तर त्यावर वर्तमानपत्र अंथरा. पंच करताना उडणारे तांब्याचे तुकडे जाळीतून आत पडले तर स्विच जाऊ शकतो.

आता एक पोर्ट. बाहेरचं जॅकेट सहा-सात सेंमी काढा. ब्लेड पूर्ण खोलवर फिरवू नका. हलका छेद देऊन केबल वाकवली की जॅकेट स्वतःच तडकतं. छेदाच्या जागी चारही जोड्या वाकवून पाहा. कुठे तांबं चमकलं तर तेवढा भाग कापून पुन्हा सुरुवात करा. कॅट-६ मध्ये मधोमध अधिक चिन्हाच्या आकाराची प्लास्टिकची पट्टी असते, ती जॅकेटच्या तोंडाशीच छाटा. जॅकेट पॅनेलच्या खाचांच्या अगदी जवळ आणायचं, उघड्या जोड्या लोंबकळत ठेवायच्या नाहीत.

पॅनेलच्या मागे रंगांचं स्टिकर असतं, ए आणि बी अशा दोन ओळींचं. त्याप्रमाणेच जा. खाचांचा क्रम पिनांच्या क्रमासारखा नसतो. बहुतेक पॅनेलवर जोडीच्या दोन तारा शेजारी-शेजारी येतात, पिन मात्र ३ आणि ६ अशा लांबच्या असतात. आतली जुळवाजुळव सर्किट बोर्ड करतो. पाठ केलेला क्रम इथे लावला तर हमखास चुकतं.

जोडी उचला, तिचा पीळ तसाच ठेवून दोन खाचांच्या मधल्या सुळक्यावर आणा आणि तिथेच फोडा, म्हणजे एक तार सुळक्याच्या डावीकडे, एक उजवीकडे. पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडायचा नाही. नीट केलं तर पाच-सहा मिमीतच भागतं. पांढऱ्या तारांवर लक्ष ठेवा. हलक्या केबलमध्ये पांढऱ्यावरचा रंगीत पट्टा इतका फिका असतो की दोन जोड्या एकदम उलगडल्या तर पांढरा-निळा आणि पांढरा-नारंगी ओळखू येत नाहीत. त्यामुळे एका वेळी एकच जोडी उलगडा, ती बसवा, मग दुसरी.

टूलच्या पात्याची कापणारी बाजू तारेच्या मोकळ्या टोकाकडे. उलटं धरलं तर आलेली केबलच कापली जाते, आणि ही चूक कामाच्या शेवटी, हात थकल्यावर होते. टूल खाचेशी काटकोनात धरा आणि एकाच दाबात 'टक्' होऊ द्या. तार खाचेच्या तळाशी गेली पाहिजे, टोक काठाशी कापलेलं असलं पाहिजे. दोनदा-तीनदा मारावं लागत असेल तर पातं झिजलं आहे. ते बदलता येतं, टूल फेकायची गरज नाही. एका खाचेत दोन तारा कधीच नकोत. आणि या खाचा एकसंध तारेसाठी आहेत; पॅच कॉर्डमधली धाग्या-धाग्यांची तार पंच केली तर काही दिवस चालते, मग अधूनमधून बंद पडते.

टेबलाकडचा जॅक याच पद्धतीने. पेटीत ३० सेंमी केबल ठेवा, घट्ट घडी न घालता गोलाईत. फेस प्लेट टेस्टिंगनंतरच आवळा.

पॅनेल वगळून भिंतीतल्या केबललाच प्लग क्रिंप करून सरळ स्विचमध्ये घालायची पद्धत सर्रास दिसते. एकसंध तार वारंवार वाकवली की प्लगच्या मागे तुटते, आणि तुटली की भिंतीतली केबल दरवेळी दोन इंचांनी आखूड होत जाते.

फोनची बाजू

ईपीएबीएक्समधून निघालेल्या जोड्या आधी क्रोनवर येतात, तिथून २० जोड्यांच्या केबलने व्हॉइस पॅनेलच्या मागे. पहिली दोन मॉड्यूल एक्स्टेंशनची, तिसरं बाहेरच्या लाइनचं. २० जोड्यांच्या केबलचा रंगक्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. मुख्य रंग चार: पांढरा, लाल, काळा, पिवळा. प्रत्येकाबरोबर निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. म्हणजे पहिली जोडी पांढरा-निळा, सहावी लाल-निळा, अकरावी काळा-निळा, सोळावी पिवळा-निळा. कंपनीप्रमाणे फरक पडू शकतो, म्हणून केबलबरोबरचा तक्ता एकदा पाहाच. जॅकेट काढल्याबरोबर जोड्या हाताने पुन्हा पिळून घ्या. इथे नुसती लाल, नुसती काळी अशा पाच-पाच तारा असतात. जोडीदारापासून सुटलेली लाल तार कुठली, हे सांगायला रंग उपयोगाचा नाही.

क्रोनवर वरच्या ओळीत ईपीएबीएक्सच्या जोड्या, खालच्या ओळीत पॅनेलकडे जाणारी केबल. टूलची कात्रीची बाजू तारेच्या मोकळ्या टोकाकडे. डिस्कनेक्शन प्रकारचं मॉड्यूल घ्या. मध्ये प्लास्टिकचा प्लग घातला की जोडी तुटते आणि बिघाड ईपीएबीएक्सकडे आहे की टेबलाकडे, हे अर्ध्या मिनिटात कळतं. व्हॉइस पॅनेलवर प्रत्येक पोर्टला एकच जोडी, ४ आणि ५ वर. पोर्ट १ म्हणजे पहिलं एक्स्टेंशन, हा क्रम मोडू नका.

बाहेरची लाइन अजून तांब्याच्या तारेवर, खांबावरून येत असेल तर तिसऱ्या मॉड्यूलवर जीडी ट्यूबचं (विजेचा जादा झटका जमिनीत सोडणाऱ्या गॅस ट्यूबचं) मॅगझिन बसवा आणि पेटीला खरं अर्थिंग द्या. वळवाच्या पावसात ईपीएबीएक्सची लाइन कार्डं जातात ती बहुतेक याच वाटेने. अर्थिंग नसलेल्या पेटीत जीडी ट्यूब असून नसल्यासारखी. वीज जायला वाटच नाही. कोकणपट्टीत आणि गोव्यात क्रोनची पेटी बाहेरच्या भिंतीला लावू नका. दमट, खारट हवेत तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि फोनमध्ये खरखर सुरू होते.

फोनचा छोटा आरजे-११ प्लग पॅनेलच्या आरजे-४५ पोर्टमध्ये बसतो, मधल्या पिना जुळतात आणि फोन चालतोही. पण त्या प्लगच्या कडा १ आणि ८ क्रमांकाच्या पिना दाबून वाकवतात. उद्या तिथे कॉम्प्युटर लावला की पोर्ट खराब. म्हणून रॅकमध्ये दोन्ही टोकांना आरजे-४५, आणि टेबलाकडे एका टोकाला आरजे-४५, दुसऱ्याला आरजे-११ अशी कॉर्ड वापरा.

फोनच्या कॉर्डचा रंगही वेगळाच हवा, डेटाला निळा तर फोनला पिवळा. लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि घंटी वाजताना साधारण ७५ व्होल्ट एसी. ती कॉर्ड चुकून लॅपटॉपकडे गेली तर नेटवर्क पोर्ट जळू शकतो. उलट दिशेनेही धोका आहे: प्रमाणित पीओई स्विच (नेटवर्क केबलवरूनच वीज देणारा) समोर काय आहे ते तपासूनच वीज सोडतो, पण कॅमेऱ्यांबरोबर मिळणारे स्वस्त पीओई इंजेक्टर न विचारता ४-५ आणि ७-८ वर वीज सोडतात. ते पॅनेलच्या पोर्टवर लावू नका, कॅमेऱ्याजवळच लावा.

तपासणी

दिव्यांचा साधा टेस्टर १ ते ८ ओळीने पेटवतो. तार तुटलेली, दोन चिकटलेल्या, उलटसुलट झालेल्या, हे सगळं तो पकडतो. स्प्लिट पेअर मात्र पकडत नाही. कुणी दोन्ही टोकांना नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या सरळ ओळीने लावल्या, तर आठही दिवे बरोबर पेटतात. प्रत्यक्षात पिन ३ आणि ६ च्या तारा दोन वेगळ्या जोड्यांतल्या असतात, एकमेकींभोवती पिळलेल्या नसतात. पाच मीटरवर हे खपून जातं. तीस मीटरवर लिंक लागते, सुटते, फाइल कॉपी होता होता रखडते. स्प्लिट दाखवणारा टेस्टर थोडा महाग असतो, पण तोच घ्या. तो नसेल तर निदान प्रत्येक पॉइंटवर लॅपटॉप लावून एक गिगाबिटवर मोठी फाइल ओढून बघा. ऑफिसला केबलच्या कंपनीची वॉरंटी हवी असेल तर सर्टिफायर (केबल प्रमाणात बसते का हे मोजणारं यंत्र) भाड्याने आणून चोवीस पॉइंटचे रिपोर्ट काढावेच लागतात.

नेहमी सापडणारे बिघाड असे. स्विच गिगाबिटचा, पण दिवा १०० चा: १०० मेगाबिटला १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी धरलेली नाही. तीच खाच पुन्हा दाबा, नवी केबल ओढायला धावू नका. फोनमध्ये शेजारच्या एक्स्टेंशनचं बोलणं ऐकू येतं: २० जोड्यांच्या केबलमध्ये दोन जोड्यांचे जोडीदार बदलले आहेत, हाही स्प्लिटच. सतत घुंई आवाज: एक तार कुठेतरी भिंतीला किंवा अर्थला लागली आहे, नाहीतर केबल लाइटच्या वायरला चिकटून गेली आहे. रिंगटोन नाही, डायलटोन नाही: क्रोनवर मल्टिमीटर लावा. तिथे व्होल्टेज आहे आणि टेबलावर नाही तर पंचिंग तपासा. क्रोनवरच नसेल तर ईपीएबीएक्सचं पोर्ट.

लेबल पॅनेलवर आणि फेस प्लेटवर एकच: अ-०७ म्हणजे पॅनेल अ, पोर्ट सात. 'कॅशियर' किंवा 'मॅनेजर' असं लेबलवर लिहू नका, माणसं जागा बदलतात. ती नावं रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या यादीत: पोर्ट, टेबल, सध्या फोन की डेटा, एक्स्टेंशन नंबर. शेवटचे तीन रकाने पेन्सिलने.